अक्षर आणि कार्यशाळा : रोमन प्रांतिक नाण्यांवरील चिन्हांच्या अर्थनिर्णयाची चिकित्सा

रोमन साम्राज्याच्या पूर्वेकडील प्रांतांत पाडल्या गेलेल्या नाण्यांवर पुष्कळदा एखादे सुटे ग्रीक अक्षर, एक-दोन ठिपके किंवा एखादे लहानसे चित्र आढळते. नाण्यावरील मुख्य लेखाशी त्याचा संबंध लागत नाही. ते सम्राटाच्या नावात बसत नाही आणि नगराच्या नावातही बसत नाही. नाण्यांच्या सूचींमध्ये अशा अक्षरापुढे बहुधा एकच शब्द लिहिलेला असतो : ऑफिसिना, म्हणजे टांकसाळीतील कार्यशाळा. अल्फा असेल तर पहिली कार्यशाळा, बीटा असेल तर दुसरी. वाचक पुढील नोंदीकडे वळतो. प्रस्तुत लेखाचा विषय हा एक शब्दच आहे. तो ज्या नाण्यांना लावला जातो त्यांपैकी बऱ्याच नाण्यांबाबत तो सिद्ध झालेला नाही. उलट जेथे एकाच कामगटाचा हात स्पष्टपणे दाखवता येतो, तेथे असे अक्षर बहुधा नसतेच. या विसंगतीकडे सूचीकार जितके दुर्लक्ष करतात तितके ते क्षम्य नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रश्न केवळ पारिभाषिक नाही. एखाद्या नगरात सात कार्यशाळा होत्या असे एकदा मान्य केले की त्यामागोमाग बरेच काही मान्य करावे लागते : कामगारांची संख्या, धातूचा पुरवठा, वर्षाकाठी पाडलेल्या नाण्यांचे अंदाज, सैन्याच्या वेतनाचा भार, आणि अखेरीस इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील आर्थिक अरिष्टाचे चित्र. इमारत मोठी आहे आणि तिचा एक खांब या सुट्या अक्षरावर उभा आहे.

प्रथम टांकसाळ आणि कार्यशाळा यांतील भेद स्पष्ट केला पाहिजे. आपल्या रुपयाच्या नाण्यावर वर्षाखाली चौकट असेल तर ते मुंबईच्या टांकसाळीचे, तारा असेल तर हैदराबादचे, ठिपका असेल तर नोएडाचे. कोलकात्याच्या नाण्यावर काहीच नसते. ही टांकसाळींची चिन्हे होत. कार्यशाळेचे चिन्ह त्याच्या एक पायरी खालचे असते. एकाच टांकसाळीच्या आवारात अनेक गट स्वतंत्रपणे काम करीत असतील, तर कोणत्या गटाने कोणते नाणे पाडले हे त्यावरून कळावे अशी अपेक्षा असते. हेतू उघड आहे. वजन कमी भरले किंवा धातूत खोट निघाली तर जबाबदार कोण हे ठरवता आले पाहिजे. खुद्द रोममध्ये ऑरेलियनच्या कारकिर्दीत टांकसाळीच्या कामगारांनी बंड केले आणि ते मोडताना ७,००० सैनिक मारले गेले, असा आकडा प्राचीन ग्रंथांतून येतो. आकडा फुगवलेला असेल. पण टांकसाळीतील माणसांवर नजर ठेवण्याची गरज शासनाला का वाटत असावी, हे त्यावरून ध्यानात येते.

रोमच्या टांकसाळीबाबत पुरावा चांगला आहे. ट्रेजनच्या काळातील, इ. स. ११५ चे काही शिलालेख रोममध्ये सान क्लेमेंते या चर्चच्या परिसरातून मिळाले असून त्यांत टांकसाळीच्या कामगारांचे वर्ग नोंदलेले आहेत : कार्यशाळांतील कारागीर, ठशांशी संबंधित काम करणारे, ठशावर धातूची चकती ठेवणारे आणि घण मारणारे. पुढे इ. स. २४८ मध्ये फिलिप द अरब या सम्राटाने रोमच्या स्थापनेचा सहस्राब्दी महोत्सव साजरा केला, तेव्हाच्या चांदीच्या नाण्यांवर एक ते सहा असे रोमन अंक येतात आणि त्यांच्याबरोबर वेगवेगळे प्राणी येतात. सिंहाबरोबर एक, लांडगीबरोबर दोन, सम्राज्ञी ओटासिलिया सेवेरा हिच्या नाण्यावरील पाणघोड्याबरोबर चार. येथे अंक, चित्र आणि राजघराण्यातील व्यक्ती या तिन्ही गोष्टी एकमेकींशी बांधलेल्या आहेत. सहा गटांत काम वाटून दिले होते, हे अनुमान येथे सहज पटते.

परंतु हा पुरावा रोमचा आहे. अँटिओकचा नाही, झ्यूग्माचा नाही. साम्राज्याच्या नाण्यांसाठी घडलेली संज्ञा प्रांतिक नाण्यांवर उचलून ठेवली गेली, आणि ती कोणत्या आधारावर हे विचारण्याचे प्रसंग फार थोडे आले. आपल्याकडे रोमन नाणे म्हटले की ऑगस्टस आणि तायबेरियस यांची सोन्याचांदीची नाणी डोळ्यांसमोर येतात, कारण व्यापाराबरोबर भारतात आली ती प्रामुख्याने तीच. प्रांतिक नाणी, विशेषतः कांस्याची, आपापल्या नगरात आणि आसपासच्या प्रदेशात फिरण्यासाठीच होती. त्यांची भाषा प्रायः ग्रीक, त्यांची देवते स्थानिक आणि त्यांच्या खुणा ज्या त्या नगराच्या सोयीच्या. तेथे साम्राज्याचा नियम आधीच गृहीत धरणे ही पद्धतीची चूक आहे.

ग्रीक लिपीत अक्षरे हीच अंक म्हणून वापरली जात, आणि गोंधळाचे मूळ येथे आहे. एप्सिलॉन म्हणजे पाच. पण पाच काय? काळ्या समुद्राजवळील मार्सियानोपोलिसच्या नाण्यांवर, ज्यांवर दोन व्यक्तींचे मुखवटे समोरासमोर येतात, तेथे एप्सिलॉन हे मूल्य आहे : पाच असारियांचे नाणे. पँफिलियातील पेर्गे आणि सिदे या नगरांच्या गॅलिएनसकालीन नाण्यांवर आयोटा म्हणजे दहा, आयोटा-अल्फा म्हणजे अकरा, आणि हेही मूल्यच. अलेक्झांड्रियाच्या नाण्यावर विशिष्ट खुणेनंतर येणारे अक्षर राज्यवर्ष सांगते. टार्ससच्या नाण्यांवर अल्फा, म्यू आणि कॅपा ही अक्षरे ओळीने येतात आणि ती अंक नाहीतच. पहिली, सर्वांत मोठी, सर्वांत सुंदर अशी ती नगराने स्वतःला लावलेली विशेषणे आहेत. शेजारच्या अनाझार्बसशी टार्ससची मानपानाची जुनी चुरस होती, ती या अक्षरांतून नाण्यावर उतरली. एकच वर्णमाला मूल्य, काल, मान आणि मोजणी एवढी सगळी कामे करते. तेव्हा अक्षर दिसले की कार्यशाळा, हे समीकरण आरंभीच संशयास्पद ठरायला हवे.

या संशयाची खरी कसोटी सिरियाच्या कांस्य नाण्यांवर लागते. अँटिओकच्या (म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील अंताक्याच्या) टांकसाळीतून ऑगस्टसच्या काळापासून एक विशिष्ट प्रकारचे नाणे निघत होते. एका बाजूला सम्राटाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला पानांच्या वेष्टनात एस आणि सी ही दोन मोठी लॅटिन अक्षरे. ही अक्षरे रोमच्या सिनेटच्या ठरावाचा निर्देश करतात असे सामान्यतः म्हटले जाते. परंतु सिरियातील नाण्याशी रोमच्या सिनेटचा नेमका संबंध काय, हा वाद जुना आहे आणि तो मिटलेला नाही. ट्रेजनपासून अँटोनायनस पायसपर्यंत या अक्षरांच्या सोबतीला अल्फा, बीटा, गॅमा अशी चढती ग्रीक अक्षरे येतात. सूची म्हणतात : कार्यशाळा. मात्र याच सुमारास हायरापोलिस, बेरोइया (आजचे अलेप्पो) आणि झ्यूग्मा या उत्तर सिरियातील नगरांच्या कांस्य नाण्यांवरही अशीच चढती अक्षरे दिसतात. ही नगरे क्षुल्लक नव्हती. हायरापोलिस हे सिरियन देवीचे मोठे क्षेत्र आणि झ्यूग्मा हा युफ्रेटिसवरील महत्त्वाचा उतार. तरीही यांपैकी प्रत्येक नगराने स्वतःच्या सुट्या नाण्यांसाठी अनेक स्वतंत्र कार्यशाळा चालवल्या असे म्हणणे मनाला पटत नाही. मग एक तर ही नाणी त्या त्या नगरात पाडलीच गेली नसावीत आणि एखाद्या मोठ्या केंद्राकडून पाडून घेतली गेली असावीत. किंवा अक्षर कार्यशाळेचे नसून निर्मितीच्या क्रमाचे असावे. पहिली खेप, दुसरी खेप, तिसरी खेप. धातूचा जेवढा साठा एका वेळी दिला गेला तेवढ्याचा हिशेब एका अक्षराखाली. दोन्ही शक्यता खुल्या आहेत, आणि सूचीतील तो एक शब्द दोन्ही शक्यता बंद करून टाकतो.

केव्हिन बुचर यांचा रोमन सिरियाच्या नाण्यांवरील ग्रंथ (२००४) उत्तर सिरियाचा इ. स. पू. ६४ ते इ. स. २५३ हा काळ एकत्र पाहतो. त्या ग्रंथाचे महत्त्व मला असे वाटते की तो नगरनिहाय कप्पे मोडून नाणी शेजारी शेजारी ठेवतो. अक्षरांचा प्रश्न नगर एकटे घेऊन सुटणारा नाही हे त्या मांडणीतूनच दिसते. रिचर्ड मॅकअली यांचे अँटिओकच्या नाण्यांवरील पुस्तक (२००७) ओळखण्याच्या कामी अधिक सोयीचे आहे. पण सोयीच्या पुस्तकाचा धोकाही सोयीतच असतो : क्रमांक आणि अक्षर जुळले की वाचकाचे समाधान होते.

याच कांस्य मालिकेत पुढे एक उदाहरण येते, ज्याने घाईने वाचणाऱ्याला सावध करावे. एलागॅबॅलसच्या (२१८ ते २२२) नाण्यांवर एस-सीच्या वर डेल्टा आणि खाली एप्सिलॉन अशी जोडी दिसते. अंक म्हणून वाचले तर चार आणि पाच. एकाच नाण्यावर चौथी आणि पाचवी कार्यशाळा कशी असेल? अर्थात येथे कार्यशाळेचा प्रश्नच नाही. काही अभ्यासक ही जोडी म्हणजे सम्राटाच्या ट्रिब्यूनपदाच्या अधिकाराचे ग्रीक संक्षिप्त रूप मानतात, तर काही ‘चार प्रांत’ या अर्थाच्या शब्दांचे. कोणाचेही म्हणणे स्वीकारले तरी अक्षरे अंकांसारखी दिसत असूनही मोजणी करीत नाहीत, एवढे निश्चित होते. फिलिपच्या कांस्य नाण्यावर नगरदेवता टिखे, तिच्या वर मेंढा, आणि बाजूंना हीच डेल्टा-एप्सिलॉन व एस-सी अशी ग्रीक आणि लॅटिन अक्षरे एकत्र नांदतात. दोन लिप्यांची ही सरमिसळ अँटिओकच्या जीवनाला साजेशीच म्हणावी लागेल.

गरुडाच्या पायांमधील जागा

चांदीच्या, पुढे पुढे नावापुरत्या चांदीच्या, चार द्राक्म किमतीच्या नाण्यांकडे वळल्यास हाच प्रश्न अधिक नाट्यमय होतो. (ग्रीक द्राक्मावरून आपल्याकडे द्रम्म आला आणि द्रम्मावरून दाम, हे येथे सहज आठवते.) या टेट्राद्राक्म नाण्यांच्या मागील बाजूस पंख पसरलेला गरुड असतो. त्याच्या दोन पायांमध्ये थोडी मोकळी जागा राहते आणि ठसा कोरणाऱ्याने तिचा नेहमी उपयोग करून घेतला.

कॅराकॅला आणि मॅक्रायनस यांच्या काळात, म्हणजे इ. स. २१८ पर्यंत, या जागेत नगरांची चिन्हे दिसतात. टायरचा जांभळ्या रंगाचा शंख, एमेसाच्या सूर्यदेवाचा मुखवटा, हायरापोलिसचा सिंह. बेलिंजर यांनी १९४० मध्ये या दोन सम्राटांच्या सिरियन टेट्राद्राक्म नाण्यांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात चिन्हांवरून टांकसाळी ठरवल्या. एवढ्या नगरांनी थोड्याच वर्षांत एकदम टांकसाळी उघडल्या काय, हा आक्षेप त्यावर घेता येतो आणि तो घेतलाही गेला आहे. चिन्ह हे नाणे कोठे पाडले याचे आहे की कोणासाठी पाडले याचे, हे चिन्ह स्वतः सांगत नाही.

आता साधारण पस्तीस वर्षे पुढे यावे. ट्रेबोनियानस गॅलसच्या (२५१ ते २५३) अँटिओकच्या टेट्राद्राक्म नाण्यांवर गरुडाच्या पायांमधील त्याच जागेत अल्फापासून झीटापर्यंतची, म्हणजे एकपासून सातपर्यंतची, अक्षरे आढळतात. त्याच्या आधीच्या ट्रेजन डेशियसच्या नाण्यांवर ठिपक्यांनीही मोजणी केलेली आहे. आणि येथे प्रथमच आपल्याला बाहेरचा साक्षीदार मिळतो. याच गॅलसची साम्राज्याची नाणी, ज्यांवर सम्राटाच्या मस्तकी किरणांचा मुकुट असतो, अँटिओकमध्येच पाडली जात होती. त्यांवरही ठिपके किंवा रोमन अंक आहेत आणि त्यांची मोजणीही सातपर्यंत जाते. प्रांतिक नाणे ग्रीक अक्षरांनी मोजते, साम्राज्याचे नाणे ठिपक्यांनी किंवा रोमन अंकांनी. पण दोन्ही एकच मोजतात. एकाच आवारातील तेच गट दोन्ही प्रकारची नाणी पाडत होते, या निष्कर्षाला येथे बळ मिळते. कार्यशाळा हा शब्द येथे मी निःशंकपणे वापरेन. यानंतर मालिका फार काळ टिकली नाही. शापूर पहिला याने अँटिओक जिंकले त्याच सुमारास या नाण्यांची परंपरा खंडित झाली. मिशेल आणि कॅरिन प्रिअर यांची या नाण्यांची सूचीही (२०००) इ. स. २५३ पाशी थांबते.

जागा तीच, गरुड तोच, पण इ. स. २१७ मध्ये तेथे नगर उभे आहे आणि इ. स. २५२ मध्ये कामगारांचा गट. जागेला स्वतःचा अर्थ नसतो. तरीही अनेक सूचींमध्ये गॅलसच्या काळातील खात्री मागे नेऊन ट्रेजनच्या काळातील अक्षरांवर लादलेली दिसते. मधल्या शतकाहून अधिक काळाचे काय, याचे उत्तर कोणी देत नाही.

चिन्हाविना कार्यशाळा

आशिया मायनरमध्ये चित्र नेमके उलट आहे. कॉनराड क्राफ्ट यांनी आशिया मायनरमधील साम्राज्यकालीन नाणेनिर्मितीच्या व्यवस्थेवरील आपल्या जर्मन ग्रंथात (१९७२) एक चकित करणारी गोष्ट मोठ्या प्रमाणावर दाखवून दिली : वेगवेगळ्या नगरांच्या नाण्यांवर सम्राटाचा मुखवटा एकाच ठशाने उमटवलेला आहे. एकाच शैलीचा नव्हे, त्याच ठशाचा. तीच चीर, तीच झिजलेली कड. नगरांची नावे मागील बाजूस वेगळी, देवते वेगळी, अधिकाऱ्यांची नावे वेगळी. यावरून क्राफ्ट यांनी असा सिद्धांत मांडला की नगरांच्या स्वतःच्या टांकसाळी नव्हत्याच. मोजक्या कार्यशाळा अनेक नगरांना नाणी पुरवीत होत्या. या नाण्यांवर कार्यशाळेचे अक्षर नाही. कामगटाचा हात सिद्ध झाला तो ठशावरून.

क्राफ्ट यांचे निरीक्षण टिकले. सिद्धांत तेवढा टिकला नाही. सार्डिसच्या बाजूने पाहिले असता या मांडणीत काय उरते, याची तपासणी ॲन जॉन्स्टन यांनी १९८० च्या दशकात केली, आणि जॉर्ज वॉटसन यांनी दक्षिण आशिया मायनरची इ. स. २१८ ते २७६ या काळातील नाणी घेऊन हा प्रश्न २०१९ मध्ये पुन्हा उघडला. ठसा एका नगरातून दुसऱ्या नगरात जाऊ शकतो. ठसे कोरणारा कारागीर आपली पेटी घेऊन गावोगाव फिरू शकतो. एक नगर दुसऱ्याला ठसा उसना देऊ शकते. क्राफ्ट यांची कार्यशाळा ही एका जागी स्थिर असलेली इमारत होती. तिच्या जागी आता एक फिरती माणसांची साखळी दिसू लागली आहे. मला क्राफ्ट यांची चूक सूचीकारांच्या चुकीपेक्षा अधिक आदरणीय वाटते, कारण ती पुराव्याच्या अति उत्साही वाचनातून झाली आहे, पुरावा न पाहण्यातून नव्हे.

येथून सिरियाच्या अक्षरांकडे परतले तर कसोटी हाती लागते. नाणे पाडताना खालचा ठसा ऐरणीत बसवलेला असे आणि वरचा ठसा हातात धरून त्यावर घण मारला जाई. खालचा, बहुधा मुखवट्याचा, ठसा आघातापासून काहीसा सुरक्षित राहतो आणि अधिक टिकतो. वरचे ठसे लवकर फुटतात. त्यामुळे एका मुखवट्याच्या ठशाबरोबर मागील बाजूचे अनेक ठसे वापरले जातात. आता समजा, मुखवट्याचा एकच ठसा अल्फा, बीटा आणि गॅमा या तिन्ही अक्षरांच्या मागील बाजूंबरोबर आढळला. एकच ठसा एका वेळी तीन ऐरणींवर असू शकत नाही. तेव्हा अक्षरे समांतर गटांची नसून एकामागून एक आलेल्या खेपांची आहेत, असा कल होतो. मुखवट्याच्या ठशाची झीज अल्फाकडून गॅमाकडे वाढत गेली असेल, तर हा कल जवळजवळ निश्चय बनतो. उलट प्रत्येक अक्षराचे मुखवट्याचे ठसे वेगळे आणि एकमेकांत न मिसळणारे असतील तर कार्यशाळांची बाजू बळकट होते. चिन्ह दोन्ही बाजूंवर असून ते नेहमी जुळत असेल तर अधिकच. यात एक पळवाट राहते हे मान्य केले पाहिजे. दिवसाच्या अखेरीस सर्व ठसे एका पेटीत जमा होत असतील आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटले जात असतील, तर समांतर गटांतही ठसे मिसळतील. म्हणून झिजेचा क्रम महत्त्वाचा; केवळ मिसळण पुरेसे नाही.

धातूचे विश्लेषण ही दुसरी वाट. बुचर आणि मॅथ्यू पाँटिंग यांनी रोमन चांदीच्या नाण्यांच्या धातुविज्ञानावर जे काम केले आहे त्यात प्रांतिक चांदीही येते. पण धातू कोठला हे कळल्याने घण कोणी मारला हे कळत नाही. शिवाय पुष्कळ नाणी कोठे सापडली याची नोंद नसताना बाजारात आलेली आहेत. २०११ नंतरच्या सिरियातील युद्धकाळात पुरातन स्थळांची जी लूट झाली तिने ही हानी वाढवली. एकत्र सापडलेला निधी विखुरला की त्यातील अल्फा आणि बीटा एकाच वेळी चलनात आले होते काय, हे सांगणारा साक्षीदार कायमचा नाहीसा होतो. झ्यूग्माचा काही भाग तर २००० मध्ये बिरेजिक धरणाच्या पाण्याखाली गेला.

ठशांची तुलना मात्र आता घरबसल्या करता येते. रोमन प्रांतिक नाण्यांच्या महासूचीचा पहिला खंड बर्नेट, अमांद्री आणि रिपोयेस यांनी १९९२ मध्ये काढला. पुढे ऑक्सफर्डहून तिचे संगणकीय रूप खुले झाले आणि हजारो नाण्यांची छायाचित्रे कोणालाही पाहता येऊ लागली. अँटोनायनस पायसच्या हायरापोलिस आणि झ्यूग्मा येथील नाण्यांचे अक्षरवार मुखवटे शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासाठी मोठ्या संग्रहालयाची नोकरी लागत नाही. पदव्युत्तर वर्गातील एखादा चिकाटीचा विद्यार्थीही ते करू शकेल. तोपर्यंत सूचीकारांनी त्या रकान्यात ‘कार्यशाळा’ न लिहिता नुसते ‘अक्षर’ लिहावे. माहिती कमी होणार नाही. फक्त खोटी खात्री कमी होईल.

एक नाणे या सर्व चर्चेला छेद देते. फिलिप द अरबच्या काही सिरियन टेट्राद्राक्म नाण्यांवर ग्रीक लेखाच्या सोबतीने, गरुडाखाली, लॅटिन अक्षरे आहेत : मोन आणि उर्ब. मोनेता उर्बिस, म्हणजे महानगराची टांकसाळ. हान्स रोलांड बाल्डुस यांनी १९६९ च्या आपल्या ग्रंथाचे नावच या अक्षरांवरून ठेवले आणि फिलिपची ही नाणी रोम व अँटिओक अशा दोन ठिकाणी पाडली गेली असे मांडले. मुखवट्याची घडण रोमच्या कारागिरांची वाटते, ही त्या मांडणीची मोठी जमेची बाजू. ती खरी असेल, तर आपण कोठे जन्मलो हे इतक्या स्पष्टपणे सांगणारे हे सिरियन नाणे सिरियात जन्मलेलेच नाही. ते समुद्र ओलांडून आले, आणि अँटिओकच्या बाजारात त्याच्या शेजारी पडलेल्या कांस्य नाण्यावरील डेल्टा-एप्सिलॉनचा अर्थ आपण आजही शोधत आहोत.